पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे व्हीटी ते गेटवेच का?

कान्हेरीवाला:
गावाकडून कोणी आलं की आपला कार्यक्रम ठरलेला. व्हीटीसमोर फोटो, फाउंटनवरून चालत गेटवे, कबुतरं, भेळ, घरी. झाली मुंबई बघून! ज्या पंचम जॉर्जच्या स्वागताची म्हणून ती कमान, तो १९११ मध्ये येऊन गेला आणि कमान पुरी झाली १९२४ ला. तिच्यापुढे गर्दी करायची, आणि बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत तिकडे ढुंकूनही बघायचं नाही? इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं तिथे राबता होता. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं ब्राह्मीत कोरलेली आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: पाहुण्याकडे एकच दिवस असेल तर कान्हेरी. फोर्ट राहिला तरी चालेल.

गिरगावकर:
साफ असहमत. "इंग्रजांची इमारत" म्हणून व्हीटी बाजूला सारणाऱ्यांनी एकदा तिथल्या तिकीटखिडक्यांच्या हॉलमध्ये मान वर करून बघावं. आराखडा स्टीव्हन्सचा, मान्य. पण दगडातली पानं, पक्षी, प्राणी कोरण्यात जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ बसवलाय. सिंह त्यांचा, वाघ आपला. राजाबाई टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंदांनी, नाव त्यांच्या आईचं. १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली त्यामागे नाना शंकरशेठांची खटपट होती. हे सगळं इंग्रजांच्या खात्यावर का मांडायचं?

आणि ओव्हल मैदानावर उभे राहा. एका हाताला उच्च न्यायालय, विद्यापीठ, टॉवर. दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलसर बाल्कन्या, खिडक्यांवर सलग सज्जे. साठएक वर्षांत शहराची आवड किती पालटली ते नुसती मान वळवली तरी दिसतं. युनेस्कोने २०१८ ला दोन्ही बाजू मिळूनच जागतिक वारसा यादीत घेतल्या. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही.

कान्हेरीवाला:
व्हीटीच्या हॉलमध्ये मान वर करून उभं राहा बरं सकाळी नऊला. मागचा माणूस मान खाली आणेल.
कलाकुसरीचंच बोलायचं तर कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना सातेक मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. तुमच्या त्या सिंहाला त्यांच्यासमोर नेऊन बसवा. पण मला मूर्तींपेक्षा तिथलं पाण्याचं काम भारी वाटतं. कातळात कोरलेले पन्हळ पावसाचं पाणी उतारावरून बरोबर टाक्यांत आणतात, आणि टाकी जवळपास लेण्यागणिक. जुलैत जाऊन बघा, पाणी अजून त्याच वाटेने उतरतं. आमच्या सोसायटीला ते जमलेलं नाही.

परळचा:
दोघांच्याही यादीत गिरणगाव नाही, हे बघून गंमत वाटली. १८५४ ला कावसजी दावरांनी इथली पहिली कापडगिरणी काढली, पुढे तिच्यासारख्या गिरण्यांवर हे शहर पोसलं गेलं. फोर्टातल्या कमानींना पैसा कापसाच्या धंद्यातूनच आला ना? मग पाहुण्यांना बीडीडी चाळीचा सामायिक पॅसेज का दाखवत नाही? घाई करा म्हणजे झालं. पाडापाडी सुरू आहे, आणि या चाळींना युनेस्को विचारत नाही.

गिरगावकर:
चाळीत लोक राहतात हो. कोणाच्या दारासमोर जत्रा घेऊन कशाला जायचं? आम्हीही चाळीतलेच, लहानपणी कोणी फोटो काढायला आलं असतं तर आजीने पाणी फेकलं असतं.

दादरच्या मावशी:
वाद घालणाऱ्यांनी पाहुण्यांच्या गुडघ्यांचा विचार केलाय का? कान्हेरीला चढ, ऊन, माकडं. घारापुरीला तासभर बोट आणि वर पायऱ्याच पायऱ्या. तिथली त्रिमूर्ती बघून कोणी पस्तावत नाही, पण आमच्या वन्संना नेलं तेव्हा त्या अर्ध्यावरच बसल्या. मी तर सरळ बाणगंगेला नेते. शिलाहारांच्या काळातलं तळं, काठाला देवळं, दीपमाळा. वरच्या पायरीवर बसूनही सगळं दिसतं, आणि मलबार हिलच्या टॉवरांमध्ये हे एवढं कसं टिकलं याचं नवल पाहुण्यांनाच आधी वाटतं.

वसईवाला:
मुंबईत बसत नाही म्हणून हाकलू नका, पण वसईचा किल्ला? चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत टांगल्या, एक भीमाशंकरला आहे. मराठी माणसाला फोर्टापेक्षा हे जवळचं वाटायला हवं.

गिरगावकर:
आलंच शेवटी "आपलं" आणि "परकं". मंडपेश्वरला जाऊन या, बोरिवलीतच आहे. शिवाचं लेणं, त्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाचे अवशेष, आणि आत भिंतीवर कोरलेला क्रूस. काय काय वगळणार? तुमच्या कान्हेरीतसुद्धा १००९ आणि १०२१ साली पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत.

कान्हेरीवाला:
अहो मग तेच तर म्हणतोय! हजार वर्षांपूर्वी पारशी येऊन बघून गेले, आणि गिरगावकरांना वेस्टर्न लाइनने बोरिवली लांब पडतं.

गिरगावकर:
गाठलंत. रविवारी येतो. पण त्याआधीच्या शनिवारी तुम्ही ओव्हलवर.

दादरच्या मावशी:
कान्हेरी ज्या संजय गांधी उद्यानात आहे, त्या उद्यानाच्या बसला रविवारी ही गर्दी असते. आणि सोमवार तर काढूच नका, उद्यानही बंद, घारापुरीही बंद.