लॅप स्टील शिकायला आधी साधी गिटार कशाला?

कुर्टीकर

आपल्याकडे गोव्यात कुणी लॅप स्टील शिकायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. आधी वर्षभर साधी गिटार कर, कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) बसू देत, मग बघू. माझ्या भाचीला परवा एका वर्गात हेच ऐकवलं आणि ती हिरमुसून परत आली. हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. वेगळं मत असेल त्यांनी जरूर लिहावं.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या नाहीत. हातात पोलादी बार धरायचा, तो तारांवर नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. तारा फळीपासून इतक्या उंच असतात की बार पडद्यांना, म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, लागतच नाही, त्यामुळे पडद्यांच्या रेघा फक्त खुणेपुरत्या. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात ती हीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईतल्या जोसेफ केकुकू या मुलाने ही पद्धत काढल्याचं मानलं जातं. १९३२ मध्ये रिकनबॅकर या कंपनीची जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली, तीसुद्धा मांडीवरचीच होती.

आता सांगा, साध्या गिटारवर वर्ष घालवून यातलं डाव्या हाताला काय मिळणार? बोटांची टोकं घट्ट होतील, त्यांचं इथे काम नाही. एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्डसाठी मनगट तयार होईल, त्याचंही नाही. उलट एक सवय नडेल. साध्या गिटारवर बोट पडद्याच्या किंचित मागे ठेवायचं असतं, इथे बार बरोबर रेघेच्या डोक्यावर लागतो. मागे राहिला की सूर उतरलाच.

तारा लावण्याबद्दलही सांगतो. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावा. पांढरी दोनचा सा धरला तर हे झालं सा प सा ग प सा. ज्याच्या घरी आरती होते, जो देवळातल्या भजनाला बसतो, त्याच्या कानात हे सूर आधीपासून आहेत. त्याला कॉर्डचा तक्ता पाठ करायला लावायची गरज नाही. शिवाय घरात पडून असलेली जुनी गिटार यासाठी चालते. बाजारात धातूचा नट एक्स्टेंडर मिळतो, तो नटवर (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीवर) बसवला की तारा उचलल्या जातात. या लावणीत एकही तार मूळ ताणापेक्षा वर चढवावी लागत नाही. चार तारा उतरतात, दोन आहेत तिथेच राहतात, त्यामुळे मानेवर जादा ताण नाही.

आपल्या देशात हे वाद्य थेटच रुजलं. १९४०च्या दशकात ताऊ मो हा पॅसिफिकमधला कलावंत कोलकात्यात राहिला, त्याने तिथे शिकवलं. पुढे बंगालमध्ये रवींद्रसंगीत हवाईयन गिटारवर घराघरांत वाजू लागलं. ब्रिजभूषण काबरांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन ही गिटार रागदारीत आणली. ही सगळी माणसं गळ्याच्या अंगाने वाजवणारी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, या वाद्यात जन्मतःच आहे. तिच्यासाठी पडद्यांच्या गिटारचा वळसा घ्यायचा कशाला?

मास्तर_मडगाव

कुर्टीकरबाब, डाव्या हाताबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य. पण तुमच्या लेखात उजवा हात कुठेच नाही, आणि नवशिक्याचा घात तिथेच होतो.

मी गिटार शिकवतो. लॅप स्टीलवर सूर काढणं जितकं अवघड तितकंच तो थांबवणं अवघड. बार सहाही तारांवर आडवा असतो. एक तार छेडून बार सरकवला की शेजारच्या तारा आपोआप गुणगुणतात आणि सगळा गलबला होतो. त्यासाठी दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. बार अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने धरायचा, अनामिका आणि करंगळी त्याच्या मागे तारांवर हलकी टेकलेली ठेवायची. ती मागचा आवाज मारतात. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड तारांवर ठेवून सूर मिटवायची आणि कड उचलताउचलताच पुढची तार छेडायची. अंगठ्यात आणि दोन बोटांत पिक (तार छेडायच्या नख्या) चढवलेले असताना हे करायचं, तेही तालात. ज्याने साध्या गिटारवर अंगठा आणि बोटं वेगळी चालवायला शिकून घेतलं आहे त्याचं निम्मं ओझं उतरलेलं असतं. कोरा माणूस सूर, ताल आणि आवाज मारणं या तिन्हींशी एकदम झगडतो.

दुसरी गोष्ट मनाची. साध्या गिटारवर मुलगा पहिल्याच आठवड्यात दोन कॉर्डवर एखादं गाणं म्हणतो आणि घरच्यांना ऐकवतो. लॅप स्टीलवर कित्येक महिने स्वतःचाच बेसूर ऐकत बसावं लागतं. पोरं इथेच सोडून देतात. माझ्या ओळखीत अशा वाद्यांवर धूळ बसली आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट गोव्याची. इथे वाजवायचं ते बहुतेक चारचौघांबरोबर. लग्न, फेस्त, गावचा ऑर्केस्ट्रा. तिथे समोरचा 'जी मायनर' (जीला सा धरून कोमल गंधाराची कॉर्ड) म्हणतो आणि वाजवायला लागतो. तुमच्या सा प सा ग प सा मध्ये मायनर कॉर्डच नाही! सुरुवात लॅप स्टीलपासूनच करायची तर सी सिक्स्थ लावा: सी, ई, जी, ए, सी, ई. सीला सा धरला तर सा ग प ध सा ग. बार सरळ ठेवूनच सी मेजरही मिळतो आणि वरच्या, म्हणजे बारीक, तीन तारांवर ए मायनरही. जी मायनर हवा, दहाव्या रेघेवर त्याच तीन तारा. मांडोत, म्हणजे आपल्या कोकणी गाण्यात, दोन आवाज तिसऱ्या आणि सहाव्या सुराच्या अंतराने चालतात, तीही अंतरं या लावणीत हाताशी आहेत.

सुरंगी

मी भजनाला हार्मोनियम वाजवते आणि लॅप स्टील अलीकडेच हातात घेतली आहे. तुम्ही दोघंही वाद्यापासून सुरुवात करताय, माझ्या मते दोघंही एक पायरी गाळताय. आधी गळा.

माझा अनुभव असा की जो सूर मला गाता येत नाही तो बारने सापडत नाही. रेघेकडे बघून बार ठेवला तरी नेमका बसत नाही, कारण मांडीवरच्या फळीकडे आपण तिरके बघतो. डोळा बरोबर वरून नसेल तर रेघ सरकलेली दिसते. मग तानपुरा लावून आधी सूर गायचा, नंतर डोळे मिटून तो शोधायचा, आणि सापडला की मगच डोळे उघडून रेघ बघायची.

तसं केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या तारेवर (तारा बारीक तारेपासून मोजायच्या) चौथ्या रेघेला गंधार येतो. तानपुऱ्याबरोबर कानाला गोड लागणारा गंधार बरोबर रेघेवर नसतो, साधारण चार मिलिमीटर नटच्या बाजूला असतो. हार्मोनियमचा आणि पडद्याचा गंधार थोडा चढा असतो, हे गाणाऱ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं पट्ट्यांवर बोट ठेवल्यावर तो खरा गंधार स्वतःच्या हाताने मिळाला, तेव्हा मला भरून आलं. साध्या गिटारवर वर्षभर घालवलं असतं तर चढ्या गंधाराचीच सवय पक्की झाली असती.

म्हणून तिसरी तार, म्हणजे गंधाराची, ट्यूनरवर लावू नका. बाकीच्या पाच लावून घ्या आणि ही कानाने किंचित उतरवा. सगळ्या तारा एकदम छेडल्यावर फरक लगेच कळतो.

कुर्टीकर

सुरंगीताई, गळ्याबद्दल माझा विरोध नाही, उलट माझ्या म्हणण्याला जोरच आला. मास्तरांच्या मुद्द्यांना उत्तर देतो.

आवाज मारण्याचं तंत्र तुम्ही सांगितलंत ते नेमकं आहे. पण ते साध्या गिटारवर शिकता येत नाही. तिथे बोट उचललं की तार आपोआप गप्प होते. मग जे शिकायचं ते ज्या वाद्यावर लागतं तिथेच का नको? एका तारेवर चार सूर, प्रत्येक सुरानंतर पूर्ण शांतता, एवढंच रोज केलं तर हात बसतो.

तिसऱ्या-सहाव्याची अंतरं माझ्याही लावणीत आहेत. तिसरी आणि चौथी तार मिळून मोठा तिसरा, दुसरी आणि तिसरी मिळून छोटा. पहिली-तिसरी छोटा सहावा, तिसरी-पाचवी मोठा. मांडोला आणखी काय लागतं? आणि जी मायनर म्हणाल तर पहिल्या रेघेवर तिसरी-दुसरी तार वाजवा, जी आणि बी फ्लॅट. बाकी कॉर्ड साथीला असतेच.

सी सिक्स्थचं म्हणाल तर ती जुन्या गिटारच्या तारांवर लागत नाही. चौथी तार डीवरून थेट जीपर्यंत चढवावी लागते, ती तुटणार. पाचवी एवरून ईपर्यंत उतरवली तर लोंबणार. वेगळ्या जाडीचा संच हवा. ज्याला अजून हे वाद्य आपल्याला रुचतंय का तेही माहीत नाही, त्याला पहिल्याच दिवशी खर्चात पाडायचं नाही, हा माझा आग्रह आहे.

मास्तर_मडगाव

तारांच्या संचाचं म्हणणं बरोबर. पण जी मायनरचं नाही. जी आणि बी फ्लॅट हे दोन सूर ई फ्लॅट मेजरमध्येही आहेत. बेस वाजवणारा असेल तर निभावेल. तुम्ही एकटे असाल किंवा सोबत फक्त गाणारा असेल, तर ऐकणाऱ्याला कॉर्ड कुठली ते कळणारच नाही. मायनरचा जीव तिन्ही सूर एकत्र लागण्यात आहे.

सुरंगीताईंचा गंधार मला पटतो, पण तो तानपुऱ्याबरोबर. शेजारी कीबोर्ड असेल तर त्याचा गंधार चढा आणि तुमचा उतरलेला, बेसूर तुम्हीच ठरणार. तेव्हा बार रेघेवरच हवा. वादकाला दोन्ही जागा माहीत हव्यात, आणि पडद्याची जागा पडद्याच्या वाद्यावरच पक्की होते.

आणि एक, नवशिक्यांना पोटतिडकीने सांगतो. पहिले काही महिने बार थरथरवू नका. सूर चुकला की हात आपोआप हलवला जातो, कानाला बरं वाटतं आणि चूक तशीच राहते. सरळ, स्थिर सूर लागू लागला की मग कंपन.

पेडण्याचा_नवशिका

मी अगदी कोरा आहे, साधी गिटारही येत नाही. सगळं वाचून जुनी गिटार सा प सा ग प सा मध्ये लावली आहे. दोन अडचणी आहेत. घामाने बार हातातून निसटतो. आणि बार लेथवर बनवून घेतला तर चालेल का? मी बनवून घेतलेल्या बारने तारांवर खरखर येते.

सुरंगी

निसटण्यावर उपाय म्हणजे खाचा असलेला बार. दोन बाजूंना खोलगट पन्हळ असते, त्यात अंगठा आणि मधलं बोट बसतं, वरून तर्जनी. गुळगुळीत गोल बार आपल्या हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, मलाही धरवत नाही. शेजारी सुती फडकं ठेवावं, आधी हात पुसायचे आणि वाजवून झाल्यावर तारा, खालच्या बाजूनेसुद्धा. खारा वारा आणि पावसाळा मिळून तारा फार लवकर गंजवतात, आणि गंजलेल्या तारेवर कुठलाही बार खरखरतो. आधी तेच तपासा.

कुर्टीकर

लेथचा बार चालतो, पण लेथवरून उतरला तसा नाही. त्याच्यावर हत्याराच्या बारीक चक्राकार रेघा राहतात, नख फिरवलं की जाणवतात. खरखर त्यांचीच. बारीक आणि मग आणखी बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवा, शेवटी बफ करून आरशासारखा करून घ्या. टोकाची धार गोल करायला सांगा, नाहीतर ती तारेत अडकते. स्टेनलेस स्टीलची १९ मिलिमीटर जाडीची सळई, लांबी सात सेंटिमीटरच्या आसपास. हलका बार घेऊ नका. वजन असलं की तो स्वतःच्या भारानेच टेकतो, दाबावं लागत नाही, आणि सूरही जास्त वेळ टिकतो.

मास्तर_मडगाव

बार दाबत असाल तर या वादात न पडता ते आत्ताच थांबवा. दाबाने तार खाली जाते आणि सूर चढतो. बाकी, पेडण्याच्या मित्रा, तू सुरुवात केलीच आहेस तर सोडू नकोस. माझ्या वर्गात नवा मुलगा आला तर मी त्याला आधी साधीच गिटार देणार, तिथे मी ठाम आहे. पण तू आठवड्यातून एकदा मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं यंत्र) लावून फक्त उजव्या हाताचा सराव कर. डावा हात तारांवर आडवा ठेवून तारा बंद कर आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आळीपाळीने. आवाज नुसता टकटक येईल, तोच हवाय.

पेडण्याचा_नवशिका

आठवड्यातून एकदा की रोज?

मास्तर_मडगाव

रोज केलंस तर उत्तमच. पण आधी पॉलिश पेपर आण.