शब्दचर्चा: शेतीच्या खेळातल्या गावकऱ्यांचं ‘जुळणं’

धागाकर्ती

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा संगणकीय खेळ इथे बरेच जण खेळतात. एरिक बॅरोन यांनी तो एकट्याने तयार केला आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो बाहेर आला. त्याच्या अधिकृत भाषांमध्ये मराठी नाही. घरातल्या मुलांना सोबत व्हावी म्हणून मी त्याची मराठी टिपणवही लिहायला घेतली आहे. शेतीची पानं भराभर झाली. वाफा, झारी, खत, बुजगावणं, मुरंबा, लोणचं, सगळे शब्द घरचेच. अडलं आहे ते माणसांपाशी.

खेळाडूच्या स्वतःच्या लग्नाचे शब्दही सापडले. मैत्री हृदयांत मोजतात. आठ हृदयं झाली की पिएरच्या दुकानातून २०० मोहरांचा पुष्पगुच्छ आणून द्यायचा, पुढे पावसाच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या खलाशाकडून ५,००० मोहरांचं पदक घ्यायचं आणि मागणी घालायची. ‘मागणी घालणे’ इथे चपखल बसतं.

प्रश्न आहे तो गावकऱ्यांच्या आपापसातल्या प्रेमाचा. खेळाडू मध्ये नसताना या गावात कोणाचं कोणाशी काय चाललंय, हे खेळ स्पष्ट सांगत नाही, नुसतं सुचवतो. वसंतातल्या २४ तारखेच्या फुलांच्या नाचात जोड्या दिसतात: सॅम आणि पेनी, ॲलेक्स आणि हेली, सेबॅस्टियन आणि ॲबिगेल, इलियट आणि लिआ, हार्वी आणि मारू, शेन आणि एमिली. पुढे काहीच घडत नाही. तुम्ही पेनीशी लग्न केलंत तर सॅम दुसऱ्या कोणाकडे वळत नाही, आणि नाही केलंत तरी तो पेनीशी लग्न करत नाही. वर्षं उलटतात, दोघं दर वसंतात एकदा नाचतात.

या ‘होऊ शकलं असतं’ अशा नात्याला काय म्हणावं? ‘संभाव्य प्रेमप्रकरणे’ लिहून पाहिलं. वाचताना तहसील कचेरीतली फाइल उघडल्यासारखं वाटलं. आणि चाहते जे करतात, म्हणजे दोन पात्रं मनाशी एकत्र आणून त्यांच्या गोष्टी लिहिणं, चित्रं काढणं, त्याला ‘शिपिंग’ म्हणतात. तेच लिहावं का?

प्रतिसाद

‘शिपिंग’ या खेळापुरतं तरी टाळा. शेतावर घराशेजारी लाकडी पेटी असते, तिच्यात माल टाकला की रात्रीतून विकला जातो. त्या पेटीलाही खेळाडू शिपिंगचीच पेटी म्हणतात. ‘मी लिआ-इलियटचं शिपिंग करते’ आणि ‘मी कोबीचं शिपिंग करते’ ही वाक्यं एकाच पानावर आली तर नवं मूल गोंधळेल. पेटीसाठी ‘माल पाठवणे’ ठेवा.

दुसऱ्या अर्थासाठी ‘नाव जोडणे’ आहे की. शाळेत ‘हिचं नाव त्याच्याशी जोडलं’ असं आपण म्हणायचोच. नाव बाहेरचा माणूस जोडतो, त्या दोघांना त्याचा पत्ताही नसेल. चाहते नेमकं हेच करतात. ‘जोडी लावणे’ही चालेल, फक्त शेतीच्या संदर्भात ‘जोडी’ म्हटल्यावर आमच्या भागात आधी बैल आठवतात.

प्रतिसाद

ताई, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्रियापदात आहे. नामं शोधत बसू नका.

मराठीत जुळणे आणि जुळवणे, जमणे आणि जमवणे अशी क्रियापदांची जोडी आहे. ‘त्यांचं जमलं’ यात कर्ता दिसत नाही. कोणी केलं, कधी झालं, काही सांगावं लागत नाही. आपोआप झालं. ‘त्यांचं जमवलं’ म्हटलं की लगेच कोणीतरी करणारा उभा राहतो, आत्या, मावशी, शेजारच्या काकू. खेळात हाच भेद आहे. काही खेळांत गावकऱ्यांचं जुळतं. स्टारड्यूमध्ये ते जुळत नाही, खेळणाऱ्याला मनात जुळवावं लागतं. एवढा भेद धरून लिहिलंत तर ‘संभाव्य’ची गरजच उरत नाही.

नाचातल्या जोड्यांसाठी ‘सूत’ वापरा. गवंडी भिंतीला दोरी लावतो त्यालाही सूत म्हणतात, विटा ओळीत असल्या की ‘सुतात आहे’ म्हणतात. ‘त्यांचं सूत जुळलं’ हे आपण प्रेमासाठी म्हणतो, नुसत्या मेतकूट जमलेल्या मैत्रीसाठीही म्हणतो. दोन्ही अर्थ उघडे राहतात. सॅम-पेनीबद्दल खेळाने जेवढं सांगितलंय तेवढंच ‘सूत जुळलेलं दिसतं’ सांगतं. त्यातलं ‘दिसतं’ गाळू नका. तो शब्द तिथे फार काम करतो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातलं ‘काही खेळांत जुळतं’ जरा उलगडून सांगतो, कारण स्टारड्यू ज्या घराण्यातला आहे तिथे हे चांगलंच मुरलेलं आहे.

यासुहिरो वादा यांचा ‘बोकुजो मोनोगातारी’ १९९६ मध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या खेळयंत्रावर आला. बाहेरच्या देशांत तो ‘हार्वेस्ट मून’ म्हणून ओळखला गेला. बॅरोन यांनी स्टारड्यूची प्रेरणा तिथूनच घेतल्याचं सांगितलं आहे. त्या मालिकेतला २००३ चा ‘फ्रेंड्स ऑफ मिनरल टाऊन’ घ्या. गावात लग्नाच्या पाच मुली, आणि प्रत्येकीसाठी गावाभोवतालचाच एकेक मुलगा आधीपासून आहे. मेरी ग्रंथालय सांभाळते. लोहाराचा नातू ग्रे तिथे वाचत बसतो. एली दवाखान्यात परिचारिका, तिचं डॉक्टरशी. खानावळवाल्याची मुलगी ॲन आणि तिथेच उतरलेला, फारसं न बोलणारा क्लिफ. कॅरन आणि कोंबड्या पाळणारा रिक. रिकची बहीण पोपुरी आणि फक्त उन्हाळ्यात गावात येणारा ‘काय’ नावाचा मुलगा.

तुम्ही त्या मुलीच्या वाटेला गेला नाहीत तर या जोड्यांचे प्रसंग एकामागून एक घडतात आणि शेवटी त्यांचं लग्न होतं. ते झालं की ती मुलगी तुमच्यासाठी राहिली नाही. मी लहानपणी मेरीला फुलं द्यायला उशीर केला आणि ग्रंथालयात ग्रेच्या प्रसंगापाशी जाऊन पोचलो. वाईट वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त हे वाटलं की या गावाला माझ्याशिवायही आयुष्य आहे. आजवर कुठल्याही खेळातल्या गावावर माझा इतका विश्वास बसलेला नाही. स्टारड्यूचा मी चाहता आहे, तरी एवढी एक गोष्ट त्याने मागे सोडली याची हळहळ वाटते. नाच आहे, नजरा आहेत, लग्न नाही.

आता शब्दाचं. या मुलांना खेळाडू इंग्रजीत जे म्हणतात त्याचं ‘प्रतिस्पर्धी’ होतं. ते कुस्तीच्या फडातलं वाटतं. ग्रे माझ्याशी काहीच लढत नव्हता, त्याला पुस्तकं आवडायची आणि मेरी आवडायची. काय म्हणू त्याला?

प्रतिसाद

‘दुसरं स्थळ’. मुलीला एक स्थळ तुमचं, एक ग्रेचं. स्थळं एकमेकांशी भांडत नाहीत, मुलगी आणि तिचं घर ठरवतं. लग्नाच्या बोलण्यात हा शब्द इतका रुळलेला आहे की स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

आणि लग्न झालंच तर ‘सोयरीक’ मात्र लिहू नका. सोयरीक दोन घरांची होते. पोपुरी-काय यांच्या बाबतीत भावाचाच विरोध आहे, रिकला काय डोळ्यांसमोर नको असतो. तिथे ‘दोघांनी पसंत केलं’ एवढंच खरं.

धागाकर्ती

जुळणे-जुळवणे हे फारच कामाचं. मी जोड्यांचं पान त्या दोन भागांत मोडून टाकलं. ‘दुसरं स्थळ’ही घेतलं, फक्त स्टारड्यूच्या टिपणात त्याची गरज पडणार नाही, कारण इथे दुसरं स्थळ पुढे येतच नाही.

आणखी दोन जागा अवघड आहेत. एक, लग्नासाठी खुली असलेली मंडळी. आधी दहा होती, २०१६ मध्येच शेन आणि एमिली आल्यावर बारा झाली. त्यांना ‘उमेदवार’ म्हटलं तर निवडणूक वाटते. ‘उपवर’ आवडतो, पण तो आधी मुलीसाठीच होता ना? शिवाय या खेळात खेळाडू मुलगा असो वा मुलगी, बारांपैकी कोणाशीही लग्न करू शकतो.

दुसरी जागा म्हणजे महापौर लुईस आणि मार्नी. उन्हाळ्याच्या ३ तारखेला लुईसचं पत्र येतं, जांभळी चड्डी हरवली आहे, शोधून द्या, आणि बोभाटा करू नका. ती सापडते मार्नीच्या झोपायच्या खोलीत. पुढे लुईसशी मैत्री वाढली की दोघांचं रात्रीचं बोलणं आपल्या कानावर पडतं. मार्नी विचारते, आपण हे का लपवायचं? तो म्हणतो, लोकांना कळलं तर माझा मान जाईल. माझ्या भाच्याने याला सरळ ‘लफडं’ म्हटलं. वहीत तसं लिहावं का?

प्रतिसाद

लिहू नका. ‘लफडं’मध्ये दोष आधीच ठरलेला असतो. इथे दोघंही मोकळे, वयाने मोठे, कोणाची फसवणूक नाही. ‘लफडं’ म्हणताना बोट बहुतेक वेळा बाईकडे जातं, आणि या गोष्टीत उघडपणे वागायला तयार आहे ती मार्नीच. लपवायचंय ते लुईसला. ‘भानगड’चंही तेच, आणि ‘प्रेमप्रकरण’ अर्धं पोलीस ठाण्यात उभं असतं.

‘लुईस आणि मार्नी यांचं चोरून आहे’ असं लिहा. बोलीत कर्ता-कर्माशिवाय ‘त्यांचं आहे’ म्हटलं की पुरतं. ‘चोरून’ वागण्याबद्दल सांगतं, प्रेमावर शिक्का मारत नाही. नोंद द्यायचीच असेल तर ‘लपवलेलं नातं’. कोणी लपवलं हे वाचणाऱ्याला त्या रात्रीच्या बोलण्यातून आपोआप कळेल.

प्रतिसाद

उपवरबद्दल: मुलीपुरता असण्याचे दिवस गेले. वधू-वर सूचक मंडळांच्या कागदांवर ‘उपवर मुलगे-मुली’ सर्रास असतं. तरी शब्दात ‘वर’ ऐकू येतो हे खरं, आणि इथे नवरा-नवरी असं बांधलेलं नाही. नोंदीचं नाव ‘लग्नाची मंडळी’ ठेवा, आणि लग्नानंतर सगळीकडे ‘जोडीदार’. शेन असो वा लिआ, वाक्य बदलावं लागत नाही.

‘लग्नाळू’ सुचवणार होते, पण तो ज्याला स्वतःला लग्नाची घाई आहे त्याला शोभतो. सेबॅस्टियनला लग्नाळू म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

माझा एक प्रश्न. क्लिंट लोहाराला एमिली आवडते. ती खानावळीत काम करते, हा संध्याकाळी तिथे येऊन बसतो आणि तिच्याशी धड बोलू शकत नाही. नाचात ती शेनबरोबर असते. याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हणायचं ना?

प्रतिसाद

अर्थाने बरोबर, पण वापराने बिघडलेला शब्द आहे. वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ एवढं वाचलं की पुढे हल्ला येणार हे आपल्याला माहीत असतं. कितीतरी मुलींच्या बातम्या त्या दोन शब्दांनी सुरू झाल्या. लहान मुलांच्या वहीत आणि क्लिंटच्या वाट्याला तो नको. त्याच्यासाठी ‘झुरणे’. ‘क्लिंट एमिलीसाठी मनातल्या मनात झुरतो.’ झुरणारा माणूस स्वतःच झिजतो, समोरच्याला त्याचा जाच नसतो.

इथे मला एक वेगळंही म्हणायचं आहे. चाहत्यांतले काही जण एमिली-क्लिंट हे नाव जोडतात, कारण त्यांना त्याची दया येते. जुळवणाऱ्याला ते स्वातंत्र्य आहे. पण एमिलीच्या बाजूने खेळात काहीच नाही. तिथे ‘सूत’ शब्द वापरता येणार नाही, सूत दोन्ही टोकांना धरावं लागतं.

प्रतिसाद

हार्वी-मारूबद्दल कोणीच बोललं नाही. मारू मंगळवारी आणि गुरुवारी त्याच्या दवाखान्यात काम करते, नाचातही दोघं जोडीने असतात. मला तिथे प्रेम दिसत नाही. तो वयाने बराच मोठा वाटतो आणि तिचा साहेब आहे. ‘सूत’ दोन्ही अर्थांनी चालतो म्हणालात, तर त्यांच्या नोंदीत मैत्रीचाच अर्थ कळेल असं काही आहे का?

प्रतिसाद

‘पटतं’. ‘हार्वी आणि मारूचं चांगलं पटतं.’ कामाच्या ठिकाणच्या माणसांना हाच शब्द.

धागाकर्ती

घेतला. आता शेवटची नोंद राहिली, कॅरोलाइन आणि जादूगार. कॅरोलाइन पिएरची बायको. ती एकदा सांगते की गावात नवी असताना ती जादूगाराच्या जुन्या मनोऱ्याकडे फिरायला जायची. तिकडे जादूगार म्हणतो, गावातली एक जण आपली मुलगी असावी असं त्याला वाटतं. खेळ यापुढे एक अक्षर बोलत नाही. कॅरोलाइनची मुलगी ॲबिगेल हिच्या जादूगारासारख्या जांभळ्या केसांवरून चाहत्यांनी काय ते ओळखून टाकलं आहे. इथे ना सूत, ना चोरून, ना झुरणं.

प्रतिसाद

‘कुणकुण’. ‘कॅरोलाइन आणि जादूगार यांच्याबद्दल कुणकुण आहे.’ अफवा म्हटलं की खोटं वाटतं, वदंता म्हटलं की सगळ्या गावाच्या तोंडी आलं असं होतं. कुणकुण कानावर पडते, पुरावा देत नाही. ॲबिगेलच्या पानावर मात्र तिची नोंद करू नका. तिला ठाऊक नसलेली गोष्ट तिच्या नावाखाली का लिहायची? मनोऱ्याच्या पानावर लिहा, आणि कॅरोलाइनने स्वतः सांगितलेलं वाक्य खाली जसंच्या तसं मराठीत द्या.