मदत हवी आहे: क्रॉप फॅक्टरने पक्षी खरंच जवळ येतो का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. थंडीत रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कॅमेरा कॅननचा एपीएस-सी (म्हणजे लहान सेन्सरचा), २४ मेगापिक्सेल, सेन्सर साधारण २२ बाय १५ मिमी, लेन्स ५५-२५० मिमी. क्रॉप फॅक्टर (लहान सेन्सरमुळे चौकट किती पट अरुंद होते तो आकडा) १.६, म्हणून २५० मिमीला फुल फ्रेमवरच्या ४०० मिमी एवढीच चौकट दिसते, इथवर कळलं.

आता मित्र त्याचा कॅननचा फुल फ्रेम डीएसएलआर स्वस्तात देतोय, २६ मेगापिक्सेल, सेन्सर मोठा, ३६ बाय २४ मिमी. पण तेवढीच चौकट कापून घेतली तर जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात ना? मग पाण्यापलीकडच्या चक्रवाकासाठी माझाच बरा? की पहाटेच्या अंधुक उजेडात मोठा सेन्सर ही कसर भरून काढतो? शिवाय माझी ईएफ-एस (फक्त एपीएस-सीसाठीची) लेन्स त्यावर बसतच नाही, तो खर्च वेगळा. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, मित्राला शनिवारपर्यंत कळवायचंय.