बी विंग लिफ्ट, टच पॅनल

सुनीता (बी-३०३): नाना आज परत पाचव्यावर उतरले. सानेकाकूंच्या दाराला किल्ली लावत उभे होते. आठवड्यात तिसऱ्यांदा! ३ वर मी टिकली चिकटवली होती, ती कोणी काढली?

देशपांडे सेक्रेटरी: सुनीताताई, नमस्कार. काचेवर काही चिकटवू नये अशी लिफ्टवाल्यांची सूचना आहे. सहकार्य करावे 🙏

पाटील (ए-५०२): जुनं बटणांचं पॅनल भंगारात कितीला गेलं? हिशोब ग्रुपवर टाका.

सानेकाकू (बी-५०३): नाना आले की चहा देते हो मी. पण काल रात्री साडेदहाला बेल वाजली 😄

ओंकार (बी-६०४): टिकलीने अर्धंच काम होतं. नाना चाचपत ३ पर्यंत पोचेस्तोवर वाटेतले सगळे मजले लागतात. बटण आधी बोटाने शोधता येतं, मग दाबायचं. टचवर शोधायला गेलं की दाबलंच.

गोखले (बी-४०१): म्हणून लिफ्ट दर मजल्यावर थांबते होय! मला वाटलं ए विंगची कार्टी.

पाटील: आमच्या पोरांचं नाव कशाला? तुमचा नातू जिन्यात बॉल खेळतो ते?

पाटील: आणि जुन्या पॅनलचं काय झालं?

देशपांडे सेक्रेटरी: कृपया विषयावर या. जग टचकडे चाललंय, आपणच मागे का राहायचं?

मानसी (बी-२०२): काका, अमेरिकन नौदल मागे फिरलंय. २०१७ ला सिंगापूरजवळ त्यांची युद्धनौका टँकरला धडकली, १० खलाशी गेले. चौकशीत टचस्क्रीनच्या कंट्रोलवरही ठपका आला. २०१९ ला त्यांनी हाताने सरकवायचे थ्रॉटल (वेगाचे दांडे) परत बसवायचं ठरवलं.

देशपांडे सेक्रेटरी: आपली लिफ्ट आहे, युद्धनौका नाही.

मानसी: अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक हिरोशी इशी १९९७ पासून यावरच काम करतायत, की कॉम्प्युटरमधली माहिती हाताला लागली पाहिजे. २०१३ ला त्यांच्या लॅबने टेबल केलं, इनफॉर्म. त्यात ९०० खुंट्या, प्रत्येकीला वेगळी मोटर. हवं तेव्हा पृष्ठभागातून बटण वर येतं, नको तेव्हा सपाट.

गोखले: ९०० मोटरी? आपली पाण्याची एक धड चालत नाही 😂

मानसी: स्वस्तातलंही आहे. १९९२ ला ड्युरेल बिशप नावाच्या डिझायनरने आन्सरिंग मशीनची, म्हणजे फोनवरचे निरोप साठवणाऱ्या यंत्राची, कल्पना मांडली. एक निरोप, एक गोटी. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो.

सुनीता: नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, असलं काही करा, मी गोट्या खिशात ठेवीन.

पाटील: जुनं पॅनल??

ओंकार: आत्ताच वॉचमनला विचारलं. टाकीच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून ठेवलंय.

सुनीता: मग बसवा ना तेच परत!

पाटील: विकलंच नाही, तर गेल्या महिन्याच्या हिशोबात ‘भंगार विक्री रु. १,८००’ कशाची?

देशपांडे सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे

सानेकाकू: सुनीता, नाना आलेत गं. चहा टाकलाय, घाई करू नकोस.