परजीवींचे वर्गीकरण: वंशावरून की राहणीवरून?

प्रश्न
पाठ्यपुस्तकांत परजीवींचे आदिजीव, कृमी आणि संधिपाद असे तीन गट दिलेले असतात. त्यांतील पट्टकृमी आणि गोलकृमी खरोखरच जवळचे नातलग आहेत, की केवळ ओळखण्याच्या सोयीसाठी एकत्र बसवले आहेत? शिवाय परजीवी होताना ज्यांचे पाय, डोळे, आतडेसुद्धा नाहीसे होतात, त्यांचे मूळ कुळ कशावरून ठरवतात?

पहिला प्रतिसाद
ही विभागणी रोगनिदानाच्या सोयीची आहे. वंशाशी तिचा संबंध थोडा. पट्टकृमी चपट्या कृमींच्या संघातला, तर गोलकृमी वाढताना कात टाकणारा आणि म्हणून कीटकांच्या अधिक जवळचा. एकट्या प्राणिसृष्टीत परजीवी राहणी २०० हून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदयाला आली, असे मानले जाते. मात्र सगळेच गट कृत्रिम नाहीत: पट्टकृमी आणि यकृतातील पर्णकृमी एकाच परजीवी पूर्वजाचे वंशज आहेत.

दुसरा प्रतिसाद
कुळाच्या प्रश्नासाठी सॅक्युलिना ही खेकड्यावर जगणारी परजीवी पाहावी. खेकड्याच्या पोटाखाली तिची केवळ एक मऊ पिशवी दिसते. बाकीचे शरीर मुळांसारख्या तंतूंच्या रूपाने खेकड्याच्या अंगभर पसरलेले असते. नर खेकड्याला तिने ग्रासले, तर त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि मादीने अंड्यांची राखावी तशी तो त्या पिशवीची निगा राखतो. अशा प्राण्याची ओळख पटली ती त्याच्या डिंभांवरून, म्हणजे अंड्यांतून निघणाऱ्या पिलांवरून. पिशवीतून बाहेर पडणारे डिंभ पाय मारत पोहतात आणि त्यांची ठेवण खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकलच्या डिंभांशी जुळते. केवळ प्रौढ शरीरावर विसंबलेले वर्गीकरण इथे पूर्णपणे फसले असते.

तिसरा प्रतिसाद
डिंभांचा आधार नेहमी मिळतोच असे नाही. माशांमधील मिक्सोझोआ हे सूक्ष्म परजीवी दीर्घकाळ आदिजीवांत गणले जात. त्यांच्या बीजाणूंतील गुंडाळलेला धागा जेलीफिशच्या दंशपेशीतील धाग्यासारखा असल्याचे दिसत होते, परंतु ते जेलीफिशच्याच संघातले आहेत, हे जनुकांच्या तुलनेने पक्के झाले.

पहिल्या प्रतिसादाला मात्र एक पुरवणी जोडावीशी वाटते, कारण वंशाचा अभ्यास उपचारालाही उपयोगी पडतो. मलेरियाच्या प्लास्मोडियमच्या पेशीत त्याच्या पूर्वजांनी लाल शैवालाकडून मिळवलेले एक लवक (वनस्पतींच्या पेशींत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकासारखा पेशीचा भाग) आहे. त्यात आता प्रकाशसंश्लेषण होत नाही, तरी काही आवश्यक रेणू तिथेच तयार होत असल्याने प्लास्मोडियम त्याच्याविना जगत नाही. लवकाचे मूळ जिवाणूंत असल्यामुळे डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध त्यातील प्रथिननिर्मिती रोखते आणि परजीवीची पुढची पिढी मरते.