रेट्रो किट वाढवायचं तर एकेक बोर्ड की थेट ५१२ के?

तारांबळ:
आरसी२०१४ या जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटर किटबद्दल हल्ली जो तो एकच सल्ला देतोय, बेसिक किट चालू झालं की ५१२ के रॉम ५१२ के रॅमचा बोर्ड खोचा, कॉम्पॅक्ट फ्लॅश (मेमरी कार्ड) लावा, रॉमडब्ल्यूबीडब्ल्यू हे तयार सिस्टिम सॉफ्टवेअर टाका आणि मोकळे व्हा. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे स्पेन्सर ओवेन यांचं झेड८० या जुन्या ८-बिट प्रोसेसरचं किट, ग्रँट सर्ल यांच्या कमीत कमी चिपवाल्या डिझाइनवरून सुरू झालेलं. सीपीयू, क्लॉक, रॉम, रॅम, सिरियल असे पाच सुटे बोर्ड एका बॅकप्लेनवर (स्लॉटवाल्या पाटीवर) उभे. ८ के रॉममध्ये बेसिक, वरती ३२ के रॅम, बस्स. एवढं सगळं उघडं समोर असताना त्यात एकदम बँक स्विचिंग (मोठ्या मेमरीचे तुकडे आळीपाळीने समोर आणणं) आणलं तर कळणार काय कप्पाळ? माझ्या मते पहिला बोर्ड डिजिटल आयओचाच घ्यावा, आठ एलईडी आणि आठ बटणं. बेसिकमध्ये आउट ०,१७० टाइप करून एंटर मारा, एक सोडून एक एलईडी पेटतो, आणि ॲड्रेस बस डेटा बस वगैरे जे वाचताना डोक्यावरून गेलेलं असतं ते तिथल्या तिथे कळतं. मग ६४ के रॅम, पेजिंगवाली (हवी तेव्हा बाजूला करता येणारी) रॉम आणि त्यानंतर सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम.

रॅमराव:
असं करत बसलं ना की माणूस एलईडी मिचकावून कंटाळतो आणि किट कपाटात जातं, हे मी खूप जणांचं बघितलंय. ३२ के वर बेसिकमध्ये काहीही लिहा, पॉवर गेली की प्रोग्राम गेला, सेव्ह करायला जागाच नाही. मग लिस्ट मारून टर्मिनलमधून कॉपी करा, परत पेस्ट करा, आणि त्यात सिरियल बोर्डवरच्या ६८बी५० चिपकडे आलेलं अक्षर धरून ठेवायला एकच बाइट, हँडशेक (थांब-पाठव असा इशारा) नीट नसेल तर पेस्ट करताना अक्षरं गळतात ती वेगळीच. स्टोरेज आलं की असेंबलर आहे, टर्बो पास्कल आहे, वर्डस्टार आहे, झॉर्कसारखा गेम आहे. लोक मशीन वापरायला लागतात हो!

तारांबळ:
वापरायला नको असं मी कुठे म्हणालो? सीपी/एमचे प्रोग्राम १०० हेक्स (म्हणजे २५६) या पत्त्याला लोड होतात म्हणजे रॅम तळापासून हवी, आणि झेड८० तर रिसेट झाल्यावर ० पासूनच सुरू होतो म्हणजे तिथे रॉमही हवी. हा तिढा सुटतो कसा, तर रॉम आधी आपला कोड रॅममध्ये कॉपी करते आणि मग एका आउटने स्वतः बाजूला होते. ६४ के च्या पायरीवर हे सगळं स्वतःला करायला मिळतं. ५१२ के च्या बोर्डवर १६ के ची चार पानं आधीच कुणीतरी मांडून ठेवलेली असतात, तुम्ही फक्त बूट मेन्यू बघायचा.

गंजका पिन:
एम्युलेटर टाका की, फुकटात सगळं मिळतं.

रॅमराव:
आलं का हे इथेपण! पुढे चला.

जुनं खोड:
दोघंही पोर्टबद्दल (बोर्ड ज्या नंबरच्या हाकेला ओ देतो तो नंबर) काहीच बोलत नाहीये, म्हणून मध्ये पडतो. कुठल्याही क्रमाने बोर्ड लावा, अडकणार तुम्ही पोर्टच्या भांडणातच. टीएमएस९९१८ए चं व्हिडिओ कार्ड घ्या. जुन्या कॉम्प्युटर-कन्सोलांपैकी एमएसएक्ससारखं चालवायचं तर पोर्ट ९८-९९ हेक्स, कोलेकोव्हिजनसारखं तर बीई-बीएफ, सॉर्ड एम५ सारखं तर १०-११. आणि ६८बी५० वाला सिरियल बोर्ड ॲड्रेसचे वरचे दोनच बिट बघतो, त्यामुळे ८० पासून बीएफपर्यंत सगळ्याला तोच ओ देतो. म्हणजे पहिले दोन्ही पर्याय गेले. तिसरा घ्यावा तर १० ते १७ वर कॉम्पॅक्ट फ्लॅश बसलेलं! व्हिडिओ चालू करायला जाता आणि टर्मिनलवर कचरा यायला लागतो, मग लोक सोल्डरिंगला दोष देत जॉइंट तापवत बसतात. आधी कागदावर २५६ पोर्टचा तक्ता काढा आणि मग काय ते ठरवा.

तारांबळ:
मी तरी वेगळं काय सांगतोय! एकेक बोर्ड लावला तर निदान भांडण कुणाचं आहे ते तरी कळतं.

रॅमराव:
रॉमडब्ल्यूबीडब्ल्यू बूट होताना सापडलेली डिव्हाइसं पोर्टसकट छापतं, तुमचा कागदी तक्ता स्क्रीनवरच येतो. शिवाय नंतर एकेक काढून बघायला कुणी अडवलंय का, मॉड्युलर म्हणजे तेच ना. आणि अजून एक, झेड८० बनवणाऱ्या झायलॉगने त्याचं झेड८४सी०० हे मॉडेल बंद केलं, १४ जून २०२४ ला शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. नंतर बघू म्हणत बसाल तर रंग देऊन नवीन नंबर छापलेल्या चिपा गळ्यात पडतील.

जुनं खोड:
त्याची घाई सीपीयूपुरती. रॅम आणि ७४एचसीटी वाल्या साध्या लॉजिक चिपा कुठे पळून जात नाहीत.

नवशिका८०:
मध्येच विचारतो, राग मानू नका. माझ्याकडे पाच स्लॉटचाच बॅकप्लेन आहे आणि पाचही भरलेत. तारांबळ सर म्हणतात तो एलईडीवाला बोर्ड लावायचा कुठे?

रॅमराव:
😄 घ्या! ५१२ के चा बोर्ड लाव, रॉम आणि रॅम दोन्ही एकात येतात, एक स्लॉट सुटतो, तिथे कॉम्पॅक्ट फ्लॅश.

तारांबळ:
किंवा मोठा बॅकप्लेन घे, तसाही पुढे लागणारच आहे. स्लॉटसाठी मेमरीचा आख्खा नकाशा बदलायचा हे काही बरोबर नाही, पण ठीक आहे, त्या सुटलेल्या स्लॉटमध्ये निदान पहिल्यांदा एलईडीचा बोर्ड खोचून बघ.

जुनं खोड:
काहीही खोच, पॉवर बंद करून खोच.