केटीएमची आरसी ३९० मोटरसायकल: नवी घ्यावी की जुनीच बरी?

एकाने विचारलंय, की जुन्या आणि नव्या गाडीची ताकद तीच, ४३.५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), मग २०२२ च्या नव्या आरसी ३९० साठी जास्त पैसे का मोजायचे? आकडा बरोबर आहे, पण आमच्या रत्नागिरीकडे या गाडीची परीक्षा ताकदीवर होत नाहीच.

पावसाळ्यात आंबा घाटात किंवा आरे-वारेच्या रस्त्यावर वळण घेताना मध्येच जांभ्याची लाल माती वाहून आलेली असते. गाडी कललेली असताना ब्रेक दाबावा लागला, की जुन्या गाडीचं साधं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फारसं कामी येत नाही; ते सरळ रेषेतल्या ब्रेकिंगसाठीच. नव्या गाडीतला सेन्सर कल मोजतो आणि त्यानुसार ब्रेकचा जोर आवरतो. ट्रॅक्शन कंट्रोलही, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, त्याच मापावर चालतं. जुनीत ते नव्हतंच. माझ्या मते जास्तीचे पैसे इथेच वसूल होतात.

दुसरं म्हणजे टाकी. ९.५ लिटरची १३.७ लिटर झाली. सागरी मार्गाने जाणाऱ्याला पंप शोधत वाट वाकडी करावी लागत नाही, हे सुख फार मोठं आहे. हँडलही थोडं वर आलंय, मनगटं कमी दुखतात.

रंगीत डिस्प्लेसाठी मात्र कोणी जुनी विकू नये. फक्त उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर चालवणार असाल तर तुमची जुनी उत्तम आहे, तीच ठेवा. आणि कुठलीही घ्या, खाऱ्या हवेत चेन वरचेवर पुसून तेल द्या.